ऐंशी फुग्यांचं पाकीट

कैनाडच्या लाडकीला चाळिसाच्या पुढे मोजता येत नसे. तसे आकडे शंभरापर्यंत पाठ होते, तिसरीपर्यंत शाळेत गेली होती बाई. पण एकोणचाळीस, चाळीस म्हणेपर्यंत तिला कोणाची तरी आठवण येई. "अगं, त्या रखमीच्या सुनेचं काय झालं?" असं शेजारणीला विचारून होईस्तोवर आकडा पळालेला असे. मग पुन्हा एकपासून.

एरवी यात काही बिघडलं नसतं. कोंबड्या सात, नवरा एक, शेत दीड एकर. चाळिसाच्या पुढे मोजावं असं घरात होतंच काय? पण २०१४ साली लाडकी मसोलीच्या एका गल्लीत फुग्यांच्या कारखान्यात पाकिटं भरायला लागली, आणि पाकीट शंभराचं.

पाकिटं भरायच्या खोलीत पंखा लावत नाहीत. लावला की लाल, पिवळे, हिरवे फुगे पाचोळ्यासारखे उडतात, आणि फुगे चिकटू नयेत म्हणून फासलेली पांढरी पावडर सगळ्यांच्या डोळ्यांत. तेव्हा ऐन मे महिन्यातही दहा-बारा बायका तशाच घामाघूम बसतात, प्रत्येकीपुढे फुग्यांचा ढीग, केस पांढरे, भुवया पांढऱ्या. सकाळी सुना म्हणून आत गेलेल्या संध्याकाळी सासवा होऊन बाहेर पडतात. वजनकाटा होता, पण फुगा कधी पातळ निघतो कधी जाड. पातळ शंभर आणि जाड ऐंशी काट्यावर सारखेच. म्हणून शेठचा सगळा भरवसा बायकांच्या बोटांवर.

बोटांवर नजर ठेवायला सुपरवायझर विनोदभाय. हा माणूस मोजायचा गुजरातीत, रागवायचा मराठीत आणि शेठ फोनवर आला की हिंदीत नम्र व्हायचा. लाडकीच्या पाकिटांत त्याला एकदा त्र्याण्णव फुगे मिळाले, एकदा एकशेसात, आणि एकदा सत्त्याण्णव फुगे व एक कंगवा.

"लाडकीबेन, शंभर म्हणजे शंभर. तू अंदाजाने भरतेस."

"अंदाज बरा आहे माझा, भाय. भात शिजवताना कधी चुकला नाही."

"मग घरी भातच शिजव. शनिवारपर्यंत बघतो."

शनिवार यायच्या आत लाडकीला वाचवलं ते सुदाम पास्टरांच्या गाण्याने.

लाडकी आणि तिचा नवरा चिमण दोन वर्षांपूर्वी येशूचे विश्वासी झाले होते. पाड्याच्या टोकाला पत्र्याची शेड, तिथे रविवारी तलासरीहून सुदाम पास्टर मोटरसायकलवर येत. पास्टर देवमाणूस, एकच खोड, स्वतः रचलेल्या गाण्याचा भारी अभिमान. गाणं कोणी म्हणो न म्हणो, कोण म्हणत नाही इकडे त्यांचं बारीक लक्ष. त्यांनी रचलेलं गाणं एकच, पण शेडमध्ये दर रविवारी तेच. पाच कडवी, कडव्याला चार ओळी, आणि प्रत्येक ओळीला पाच टाळ्या.

शुक्रवारी ढिगापुढे बसून लाडकी स्वतःशीच ते गुणगुणत होती. "दारी माझ्या उभा धनी, पायी धूळ भरली." पाच टाळ्यांच्या जागी हातातून पाच फुगे पाकिटात पडले. दुसरी ओळ, आणखी पाच. गाणं संपलं, "आमेन" झालं, लाडकीने पाकिटाचं तोंड बांधलं. विनोदभायने ते उघडून मोजलं. शंभर. दुसरं उघडलं. शंभर. तिसरं त्याने दोनदा मोजलं, एकदा गुजरातीत आणि खात्रीसाठी एकदा मराठीत.

"हे कसं काय?" तो म्हणाला.

"देवाची कृपा," लाडकी म्हणाली. ते खोटं नव्हतं, फक्त अर्धवट होतं.

त्या रविवारी तिने शेडमध्ये उभं राहून साक्ष दिली की परमेश्वराने मला मोजायला शिकवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पास्टरांनी मात्र नीट चौकशी केली, आणि परमेश्वराने त्यासाठी कोणतं गाणं वापरलं हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की त्या दिवशी प्रवचन वीस मिनिटं लांबलं. "गाणं डोक्यात राहत नाही, भावांनो," ते म्हणाले, "ते हातापायांत जाऊन बसतं. डोकं विसरेल, हात विसरत नाहीत. म्हणून आत कोणतं गाणं सोडता ते बघून सोडा. शास्त्रात तो राजा होता, त्याचं मन बिघडलं की मेंढरं राखणारा पोरगा वीणा वाजवायचा, आणि राजाला बरं वाटायचं."

"त्याच राजाने त्या पोरावर भाला फेकला ना?" चिमणने मागून विचारलं. चिमण चिकूच्या वाडीत कामाला होता, झाडावर चढला की लग्नातली डीजेची गाणी म्हणायचा, आणि हे प्रवचन आपल्यालाच उद्देशून आहे हे त्याला कळलं होतं.

"फेकला," पास्टर म्हणाले. "गाणं औषध आहे, चिमण. पथ्य तुझं तू पाळायचं."

तेव्हापासून लाडकी म्हणजे कारखान्यातली सगळ्यात चोख बाई. हातांना इतकी सवय लागली की उपासनेतही गाणं सुरू झालं की बाई टाळ्या वाजवायच्याऐवजी मांडीवरच्या पदरात न दिसणारे फुगे टाकत बसे. एकदाच काय तो गोंधळ झाला. २०१५च्या नाताळात पास्टरांनी कीबोर्ड आणला आणि एका बोटाने वाजवता वाजवता शेवटची ओळ दोनदा घ्यायला लावली. आठवडाभर लाडकीची पाकिटं एकशेपाचाची गेली. कोणाला पत्ता लागला नाही. जास्त गेलेल्याची तक्रार आजवर कोणी केली आहे?

तिच्या शेजारी बसे रूपी. रूपी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची भक्त; चैत्रातल्या यात्रेला तीन दिवस कारखान्याला दांडी मारणार म्हणजे मारणार, शेठ मेला तरी. तिला या गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण दिवसाला पन्नास-साठ वेळा कानावर पडलं तर म्हशीलाही पाठ होईल.

"लाडके, तुझा देव दारात उभा राहून थकत नाही का गं? सकाळपासून चाळीस वेळा आला."

"तू आत घेत नाहीस म्हणून येतो."

"आमच्याकडे आधीच गर्दी आहे, बाय."

या गाण्याचं चौथं कडवं मात्र लाडकीचं नव्हतं. ते तिच्या आईचं होतं.

लाडकीची आई धाकली म्हातारपणी लेकीकडेच राहायला आली होती. ती शेडमध्ये कधी गेली नाही. "तुझ्या देवाशी माझं भांडण नाही," ती म्हणायची, "पण तो दोन तास बसवून ठेवतो आणि चहा देत नाही." घरी लाडकी गाणं म्हणायला लागली की चुलीपासून म्हातारीचा हुकूम यायचा, "ते ओल्या वाटेचं म्हण." मग दोघी म्हणायच्या:

ओली वाट, काळं पाणी, हातात नाही काठी,
पाय घसरे, श्वास अडे, कोणी नाही पाठी;
हाक मारली बाबा म्हणून, पुढे दिसला हात,
चिखलासकट उचलून त्याने घेतलं पोटात.

म्हातारीची चाल पास्टरांची नव्हती. भात लावताना बायका ओळीचं टोक जसं लांबवून वर फेकतात, पलीकडच्या बांधावरच्या बाईने झेलावं म्हणून, तशी ती प्रत्येक ओळ वर फेकायची. लाडकीलाही नकळत तीच सवय लागली. पास्टर दर रविवारी ती ओळ खाली आणायचे आणि लाडकी दर रविवारी वर न्यायची.

म्हातारीला हे कडवं का आवडायचं तेही सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. लाडकी तान्ही असताना तिला पाठीशी बांधून धाकली भरलेला ओहोळ ओलांडत होती. पाय घसरला. कोणीतरी दंडाला धरून बाहेर ओढलं, आणि तिने डोळे पुसेपर्यंत तो माणूस पावसात दिसेनासा झाला. "तुझा येशू असेल, नाहीतर बाबल्या गुराखी," म्हातारी सांगायची. "दोघांपैकी एकाला मी भाकर द्यायची राहिलेय."

२०१७च्या भाद्रपदात धाकली गेली. काही आजार नाही, काही नाही; दुपारी सुपात नाचणी पाखडत होती, सूप खाली ठेवलं, भिंतीला टेकली आणि संपली. लाडकी चौथ्या दिवशी कामावर आली. पुन्हा गाणं, पुन्हा पाकिटं. रडली नाही. उलट हात आधीपेक्षा भरभर चालायला लागला. आधी दिवसाला साठ पाकिटं भरायची, ती पंचाहत्तर भरू लागली. विनोदभाय इतका खूश झाला की दिवाळीला सगळ्यांत चपळ बाई म्हणून तिला दोन खणांचा स्टीलचा डबा दिला, झाकणावर नाव कोरून. रूपी रोज त्या डब्याकडे सवतीकडे बघावं तशी बघत होती.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी कच्छकडच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. शेठचा आवाज विनोदभायच्या फोनमधून सगळ्या खोलीला ऐकू गेला. पाकिटात शंभरच्या जागी ऐंशी फुगे. एक नाही, दोन नाही, खोकीच्या खोकी. आणि सगळ्या पाकिटांत लाडकीच्या खुणेची निळी चिठ्ठी.

फुगे कुठे गेले, असं कोणी विचारलं नाही. सगळ्या लाडकीच्या पिशवीकडे बघू लागल्या. ते विचारण्यापेक्षा वाईट. एक जण हळूच म्हणाली, "साक्ष देणारी ना ही?"

लाडकीने उठून पिशवी खोलीच्या मधोमध रिकामी केली. अर्धी भाकर, सुका बोंबील, तंबाखूची डबी (ही पास्टरांना माहीत नव्हती), आणि तो नवा डबा.

"बस, बेन," विनोदभाय म्हणाला. "माझ्यासमोर एक पाकीट भर."

लाडकीने भरलं. आजवर ती शेजारच्या रूपीला ऐकू जाईल एवढंच गुणगुणायची, आज भीतीने जरा मोठ्याने म्हणाली. आमेन म्हणून तोंड बांधलं आणि पाकीट पुढे केलं. विनोदभायने मोजलं. ऐंशी. दुसरं भरलं. ऐंशी. लाडकीचा चेहरा पावडरीखालीसुद्धा पांढरा पडलेला दिसला.

विनोदभाय डोकं खाजवत उभा राहिला. "तू चोर असतीस तर निदान माझ्यासमोर तरी शंभर भरले असतेस," तो म्हणाला. "पण शेठला हे कसं सांगू? सोमवारी शेठ स्वतः येणार. तोवर काय ते शोध. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल, आणि लोक काय म्हणतील ते मला थांबवता येणार नाही."

नोकरीचं एक वेळ लाडकीने पोटात घातलं असतं. चिकूच्या वाडीत काम होतं, भात होतं. पण चोर म्हणून बाहेर पडायचं? शेडमध्ये उभं राहून देवाचं नाव घेऊन सांगितलेली एकच गोष्ट, आणि तीच खोटी ठरायची? उद्या पाड्यातलं पोरसुद्धा हसलं असतं, की येशूने लाडकीला ऐंशीपर्यंतच शिकवलं.

घरी जाताना सहा आसनांच्या टमटममध्ये चौदाव्या आणि पंधराव्या माणसाच्या जागी लाडकी आणि रूपी बसल्या. रूपी बोटं मोजत काहीतरी पुटपुटत होती. गंजाडचा फाटा गेल्यावर म्हणाली, "लाडके, म्हातारीचं कडवं कुठे गेलं?"

"कुठलं?"

"ओली वाट. तू शेताच्या कडव्यातून थेट 'उजाडलं ग उजाडलं'वर जातेस. ओल्या वाटेवर पायच ठेवत नाहीस. दोन महिने झाले असतील. मला वाटलं, तुमच्या पास्टरने काढून टाकलं."

लाडकीने मनातल्या मनात गाणं म्हणून पाहिलं. दार झालं, विहीर झाली, शेत झालं. आणि तिसरं कडवं संपताच जीभ, मोडकी पायरी अंधारातही पायाला कळावी तशी, पलीकडे जाऊन पडली. चार ओळी, वीस फुगे. चोर सापडला होता, आणि तो तिच्याच गळ्यात बसला होता.

"मग आता म्हण," रूपी म्हणाली.

लाडकीने तोंड उघडलं. "ओली" एवढं निघालं आणि पुढे गळा मिटला. टमटममधल्या तेरा माणसांनी माना वळवल्या.

रविवारी तिने पास्टरांना सगळं सांगितलं. पास्टरांचा पहिला प्रश्न होता, "माझं कडवं गाळलंस?" मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं आणि ते चटईवर तिच्यासमोर बसले.

"दुसरं एखादं गाणं द्या," लाडकी म्हणाली. "शंभराचं."

पास्टरांनी वही उघडली. एका गाण्याचे झाले चौऱ्याऐंशी, एकाचे एकशेबारा. सात कडव्यांचं एक होतं, त्याचे एकशेचाळीस. चिमणने सुचवलं की डीजेचं एक गाणं बरोबर शंभराचं आहे, त्याने झाडावर मोजलंय. त्याला बाहेर पाठवण्यात आलं.

"लाडकी," वही मिटून पास्टर म्हणाले, "मी ते कडवं का लिहिलं माहीत आहे? बाकीची चार मी आनंदात लिहिली. हे माझा भाऊ गेला तेव्हा लिहिलं. वर्षभर मलाच म्हणता येत नव्हतं. ज्याच्यासाठी गाणं आहे ना, तो रडका आवाज ऐकत नाही असं नाही. उलट तोच आधी ऐकतो. पण तू त्याच्यापासूनही लपवतेस."

"लपवत नाही. निघत नाही."

"मग संगती कशासाठी असते? एकाचा गळा बसला की दुसऱ्याने उचलायचं. मी म्हणू?"

पास्टरांनी म्हटलं. सुरात, कीबोर्डसकट, ओळीचं टोक व्यवस्थित खाली आणून. लाडकी उठून शेडच्या बाहेर गेली. ती आईची ओली वाट नव्हतीच. ते नुसतं गाणं होतं.

सोमवारी शेठ आले. खुर्चीवर बसले, घाम आला म्हणून पंखा लावायला सांगितला, आणि अकरा बायका एका आवाजात "नको" म्हणाल्या. लाडकीने तो स्टीलचा डबा घासूनपुसून त्यांच्या पायाशी ठेवला.

"हा माझा नाही, शेठ. मी चपळ नव्हते. मी कमी भरत होते. चोरी केली नाही, पण ऐंशी भरले ते खरंय. तुमच्याकडे ढिगात तेवढे फुगे जास्त निघतील, बघा."

"कमी का भरले?" शेठनी विचारलं.

हे शेठला कसं सांगायचं? लाडकी खाली बसली, पाकीट उघडलं आणि मोठ्याने सुरुवात केली. दार. विहीर. शेत. साठ फुगे आत गेले. मग हात थांबला. आज तिने पलीकडे उडी मारली नाही, एवढंच तिच्या हातात होतं. पाच लाल फुगे चिमटीत धरून ती बसून राहिली. खोलीत पावडर हळूहळू खाली बसत होती. शेठनी घड्याळ पाहिलं.

"ओली वाट, काळं पाणी," शेजारच्या ढिगामागून आवाज आला.

रूपी गात होती. मान खाली, स्वतःचं पाकीट भरत, जणू खोलीत दुसरं कोणी नाहीच. आवाज फाटका. पण ओळीचं टोक तिने लांबवलं आणि वर फेकलं, थेट धाकलीसारखं, पलीकडच्या बांधावर. ती म्हातारीला एकदाच भेटली होती, तीही कोंबडीच्या भावावरून भांडायला. ही चाल तिने लाडकीच्या तोंडून उचलली होती, तीन वर्षं, दिवसाला साठ वेळा, कंटाळत, शिव्या देत. लाडकीने जे गिळून टाकलं होतं ते रूपीकडे जसंच्या तसं शाबूत होतं.

लाडकी रडायला लागली. अगदी भाद्रपदात रडायला हवं होतं तशी. डोळ्यांतून दोन काळे ओघळ पांढऱ्या गालांवरून खाली आले, नाक वाहिलं, खांदे हलले. आणि हात चालू लागले. पाच. पाच. पाच. "चिखलासकट उचलून त्याने घेतलं पोटात." पाच.

पुढचं कडवं दोघींनी म्हटलं. आमेन रूपीनेही म्हटलं. नंतर विचारल्यावर म्हणाली की त्याशिवाय पाकीट बांधल्यासारखं वाटत नाही.

विनोदभायने मोजलं. मध्ये एकदा त्याचा आवाज घोगरा झाला, म्हणून त्याने पावडरीला शिवी दिली. "सो," तो म्हणाला. "शंभर, शेठ."

शेठना काय कळलं ते शेठना ठाऊक. "या दोघींना शेजारीच बसू द्या," एवढं म्हणून ते उठले. ढिगातले जास्तीचे फुगे मोजायला लावले, ते जुळले, आणि लाडकीची परत आलेली कमी पाकिटं तिने स्वतः वेगळं बसून पुरी करून दिली. डबा मात्र त्यांनी परत घेतला नाही. तो आता रूपी आणते. खालच्या खणात भाकर, वरच्यात लाडकीसाठी बोंबील, आणि झाकणावर नाव लाडकीचं.

"तुझ्या देवीला चाललं का गं, येशूचं गाणं म्हटलेलं?" लाडकीने नंतर विचारलं.

"आधी विचारूनच आले होते. म्हणाली, आईचं आहे ना, मग म्हण."

वर्षभर हीच वहिवाट. पहिली तीन कडवी लाडकीची, चौथं रूपीचं, पाचवं दोघींचं. पास्टरांना ही व्यवस्था कळली तेव्हा त्यांनी तिला संगती म्हटलं आणि रूपीला उपासनेचं आमंत्रण दिलं. रूपीने चहा असतो का विचारलं. तेव्हापासून शेडमध्ये चहा असतो.

२०१८च्या नाताळाच्या आधी, एका सकाळी, लाडकी तिसरं कडवं संपवून काही न ठरवता तशीच पुढे गेली. ओली वाट, काळं पाणी. गळा थोडा थरथरला, पण उघडा राहिला. टोक वर गेलं. वीस फुगे पाकिटात पडले. लाडकीला स्वतःलाच नवल वाटलं. तिने शेजारी बघितलं.

रूपीचं तोंड फुगलं होतं.

"माझं कडवं का खाल्लंस?"

"अगं, निघालं. आपोआप निघालं."

"निघालं तर निघालं. मी काय आता नुसतं आमेन म्हणायला बसू?" आणि रूपीने तेच कडवं पहिल्यापासून पुन्हा घेतलं, रागाने, लाडकीपेक्षा वरच्या पट्टीत. लाडकीच्या हातांना राग-लोभ कळत नाही. त्यांनी आणखी वीस टाकले.

त्या दिवसापासून दोघींपैकी कोणीच ते कडवं सोडायला तयार नाही. विनोदभायने परवाच एक पाकीट उघडलं, मोजलं, एकशेवीस आल्यावर दोघींकडे पाहिलं, आणि वरचे वीस काढून ढिगात टाकले. तो शिट्टी वाजवत बाहेर गेला, तेव्हा रूपीने लाडकीला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस? विनोदभायपण टोक वर नेतो."